'कसंनुसं होतंय' म्हणजे काय?

निपाणीत माझं मेडिकल आहे, बावीस वर्षं झाली. काउंटरच्या आत, फ्रीजशेजारी एक लाकडी स्टूल आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात नीटची परीक्षा झाली आणि पुढच्याच आठवड्यात माझी भाची त्या स्टुलावर येऊन बसली. पुण्याला एमबीबीएस प्रवेशाच्या मुलाखतीला जाईपर्यंत ती रोज संध्याकाळी दोन तास तिथं बसली. औषध तिनं एकही दिलं नाही, ते काम परवाना असलेल्या माणसाचं. तिनं फक्त ऐकायचं आणि वहीत लिहायचं. मुलाखतीची आमची खरी तयारी ही एवढीच. खानापूर, चिकोडीकडच्या काही पालकांनी मला फोन करून विचारलं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक खुलासा. आता एमबीबीएसला मुलाखत बहुतेक ठिकाणी राहिलेली नाही. आपल्याकडं कर्नाटकात नीटच्या मार्कांवर केईएचं, म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाचं, काउन्सेलिंग होतं, त्यात कुणी तोंड उघडायला सांगत नाही. पूर्वी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची मुलाखत प्रसिद्ध होती. २९ एप्रिल २०२० ला सुप्रीम कोर्टानं वेल्लोरसारख्या अल्पसंख्याक संस्थांनाही नीटच लागू राहील असा निकाल दिला. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात, मुलाखत अजून होते. हे कॉलेज १९४८ चं, एमबीबीएसचे वर्ग १९६२ पासूनचे. नीटच्या मार्कांवरून पहिली यादी लागते, मग पुण्याला बोलावतात. संगणकावर इंग्रजी आणि तर्काची अर्ध्या तासाची परीक्षा असते, ४० प्रश्नांची. मानसशास्त्रीय चाचणी असते. मग ५० गुणांची मुलाखत आणि शेवटी वैद्यकीय तपासणी. मुलींना जागा ३०, साऱ्या देशातून. फी नाही, पण शिकून झाल्यावर सेनादलात नोकरी बंधनकारक. ज्या घरात कॉलेजच्या फीचा आकडा ऐकून सगळे गप्प होतात, त्या घरात 'फी नाही' या दोन शब्दांचं वजन काय असतं ते मी सांगायला नको.

घर कसलं, तेही सांगतो. अक्का, माझी थोरली बहीण, तंबाखूच्या वखारीत चाळण मारायला जाते. दाजी टेम्पो चालवतात. आमच्या आईनं आयुष्यभर विड्या वळल्या. तिच्या विडी कामगार कार्डावर मला शिष्यवृत्ती मिळाली आणि मी फार्मसीचा डिप्लोमा केला. भाची एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, निपाणीत मराठी माध्यमात शिकली, पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, बेळगावात हॉस्टेलवर राहून इंग्रजीत. घरात मराठी, तहसीलला गेलं की कन्नड, पुस्तक उघडलं की इंग्रजी. सीमाभागातल्या पोरांना याचं काही वाटत नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं असतं. मुलाखतीला बसल्यावर मात्र कळतं की यातल्या कुठल्या भाषेत आपण विचार करतो, हे आपल्यालाच ठाऊक नव्हतं.

नीट झाल्या झाल्या एका मोठ्या शहरातल्या क्लासनं पैसे घेऊन तिला मुलाखतीच्या उत्तरांची चाळीस पानी पीडीएफ पाठवली. पहिल्या रविवारी आमच्या घरी तिची चाचणी मुलाखत घेतली. मी विचारलं, डॉक्टर का व्हायचंय? ती ताठ बसून म्हणाली, "सिन्स माय चाइल्डहुड आय हॅव ड्रीम्ट ऑफ सर्व्हिंग ह्युमॅनिटी." अक्का चुलीकडं भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, "काय म्हणाली गं? मला सांग की."

भाचीनं सुरुवात केली. "म्हणजे, लहानपणापासून मला मानवतेची..." आणि थांबली. आईच्या तोंडाकडं बघून तिला ते वाक्य पुरं करता येईना. अक्का हसलीही नाही, रागावलीही नाही. भाकरी उलटत वाट बघत राहिली.

त्या दिवशी मला जे उमगलं, तेवढंच मला या लेखात सांगायचं आहे. जे वाक्य आपल्या आईला आपल्या भाषेत सांगता येत नाही, ते आपलं वाक्य नाही. ते इंग्रजीत कितीही गुळगुळीत असलं तरी दुसऱ्याचं आहे, आणि समोर बसलेल्या अनुभवी डॉक्टरला ते ओळखायला वेळ लागत नाही. आम्ही पीडीएफ बंद केली आणि नियम केला: प्रत्येक उत्तर आधी अक्काला मराठीत सांगायचं, तिला पटलं तरच त्याचं इंग्रजी करायचं.

पण सांगायला आधी जवळ काहीतरी हवं. सतरा-अठरा वर्षांच्या पोरीनं दोन वर्षं फक्त भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे प्रश्न सोडवलेले. आजारी माणूस तिनं पाहिलाच कुठं? म्हणून ते स्टूल.

माणसं मेडिकलमध्ये येऊन आजार कसा सांगतात, ते एकदा कान देऊन ऐका. पुस्तकात 'पेन' हा एकच शब्द. आमच्या काउंटरवर त्याचे किती प्रकार! दाढ ठणकते. पोटात कळ येते. पाठीत उसण भरते, बरगडीत चमक निघते. डोळे चुरचुरतात, पाय वळतात, तळव्याची आग होते, हाताला मुंग्या येतात. ताप यायच्या आधीची ती कणकण वेगळी आणि अंग मोडून येणं वेगळं. चिकोडीकडचं गिऱ्हाईक कन्नडमध्ये डोकेदुखीला तलेनोवु, पोटदुखीला होट्टेनोवु म्हणतं, केम्मु म्हणजे खोकला, आणि अशक्तपणाला सुस्तु. भाचीनं वहीत रकाने आखले. पहिल्यात माणूस बोलला तसा शब्द, दुसऱ्यात कन्नड असेल तर कन्नड, तिसऱ्यात इंग्रजी. ठणक्याला तिनं 'थ्रॉबिंग' शोधलं, चमकेला 'शूटिंग'. रोज रात्री घरी जाऊन ती शब्दकोशाशी झटायची. महिनाभरात तिचं इंग्रजी जितकं सुधारलं तितकं त्या पीडीएफनं सहा महिन्यांत झालं नसतं, कारण आता तिच्यापाशी सांगायला काहीतरी होतं आणि त्यासाठी ती शब्द शोधत होती.

एका शब्दापुढचा तिसरा रकाना मात्र रिकामाच राहिला. कसंनुसं होतंय.

हा शब्द जिच्या तोंडून वहीत आला, ती बाई बाजाराच्या दिवशी आली होती. साठीच्या आसपासची, हातात भाजीची पिशवी. म्हणाली, "दादा, गॅसची गोळी द्या एक. कसंनुसं हुतंय सकाळधरनं." अशी दिवसात दहा माणसं येतात. मी गोळीकडं हात केला. भाची वहीत लिहीत होती, तिनं मान वर केली आणि लिहायला नेमका शब्द हवा म्हणून विचारलं, "आज्जी, कसंनुसं म्हणजे कसं? मळमळतंय का गरगरतंय?" आज्जी म्हणाली, "तसं न्हवं बाळ. छातीवर कायतर ठेवल्यागत. आन ह्यो जबडा वडतोय." तेव्हा मी तिच्या तोंडाकडं नीट पाहिलं. पदर घामानं भिजलेला होता. पावसाळी हवा, अंगावर काटा यावा अशी, आणि बाईला घाम. मी गोळी खाली ठेवली आणि रिक्षा बोलावून शेजारच्या पोराबरोबर तिला दवाखान्यात पाठवलं. ईसीजी काढला, हार्ट अटॅकच होता. तिथून त्यांनी तिला मोठ्या दवाखान्यात हलवलं. ती वाचली, आजही येते.

बायकांचा हृदयविकार पुष्कळदा असा येतो. सिनेमात दाखवतात तसं छाती धरून कोसळणं नाही. मळमळ, थकवा, जबडा, पाठ, आणि 'कसंनुसं'. त्यामुळं गॅसच्या गोळीवर वेळ निघून जाते. हे वाचणाऱ्यांनी आपापल्या आईला, सासूला तेवढं सांगून ठेवा. हा लेख मुलाखतीचा असला तरी हे सांगणं जास्त गरजेचं आहे.

पुढच्या रविवारी भाचीनं 'तुमच्या आयुष्यातला महत्त्वाचा प्रसंग' म्हणून हेच सांगितलं. इंग्रजी सफाईदार होतं. शेवटी म्हणाली, "अँड दॅट डे आय सेव्हड अ लाइफ." मग नियमाप्रमाणं अक्काला मराठीत सांगायला लागली. 'मी तिचा जीव वाचवला' इथवर आली आणि तिचा आवाज आपोआप खाली गेला.

मी विचारलं, "तू काय केलंस? तेवढंच सांग."

"विचारलं. कसंनुसं म्हणजे कसं."

"का विचारलंस?"

"वहीत लिहायचं होतं, शब्द कळेना म्हणून."

"मग एवढंच सांग. शब्द कळेना म्हणून मी विचारलं, आणि विचारल्यामुळं कळलं."

तिला ते फार लहान वाटत होतं. माझ्या मते तेच मोठं होतं. मीच गोळी द्यायला निघालो होतो, वीस वर्षांचा अनुभव असून, आणि ते मी तिला लपवू दिलं नाही. "माझ्या मामांनाही आधी गॅस वाटला होता," हे वाक्य तिनं उत्तरात ठेवलं. खरं सांगायचं तर सगळं सांगायचं.

सगळ्यात अवघड गेला तो तंबाखूचा प्रश्न. निपाणीची पोरगी म्हटल्यावर तंबाखूवर विचारणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. तिनं पहिल्यांदा उत्तर दिलं ते भाषणासारखं. तंबाखूनं कर्करोग होतो, हृदयविकार होतो, फुप्फुसं जातात, म्हणून तंबाखूवर संपूर्ण बंदी घातली पाहिजे. आजार खरे, तिच्या बोलण्यात चूक एकही नव्हती. अक्का वखारीतनं नुकतीच आली होती. केसांवर, भुवयांवर तंबाखूच्या धुळीचा खकाणा बसलेला. संध्याकाळी घरी आल्यावर ती अर्धा तास खोकते, तशी खोकत होती. ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "बंद करा की. मग मी काय करू, तेवढं सांग."

भाची रडली. उत्तर चुकलं म्हणून नव्हे. आईच्या खोकल्यासाठीच ती डॉक्टर व्हायला निघालेली, आणि तिच्या उत्तरात आईला जागाच नव्हती.

या प्रश्नावर आम्ही दोन आठवडे घालवले आणि ते सार्थकी लागले. तिला मी गावाचा इतिहास सांगितला. १९८१ साली शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी इथंच हमरस्ता अडवला होता, ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मेले. तंबाखू हे इथं नुसतं व्यसन नाही, त्यासाठी माणसांनी छातीवर गोळ्या घेतल्यात. तिनं स्वतः शोधून काढलं की जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रणाचा एक करार आहे, भारतानं त्यावर २००४ मध्ये शिक्कामोर्तब केलंय, आणि त्याचं सतरावं कलम तंबाखू पिकवणाऱ्यांना आणि कामगारांना दुसरा परवडणारा रोजगार मिळवून द्यायला सांगतं. दुकानात येणाऱ्या शेतकऱ्यांशी ती बोलली. तंबाखूची ओली पानं हाताळली की निकोटिन कातडीतून अंगात जातं, त्यानं ओकारी होते, गरगरतं. आपली माणसं त्याला 'तंबाखू लागली' म्हणतात आणि लिंबू पिऊन झोपतात. विडी न ओढताही तंबाखूनं आजारी पडणारी ही माणसं कुठल्या पाकिटावरच्या चित्रात नाहीत.

शेवटी तिचं उत्तर झालं ते असं. ओढणाऱ्यानं सोडावी म्हणून डॉक्टरनं जे करायचं ते मी करीन. पण माझी आई तंबाखूच्या धुळीत काम करते. तिचा दुसरा रोजगार उभा राहीपर्यंत तिच्या तोंडावर मास्क, वखारीत हवा खेळती आणि वर्षातनं एकदा छातीची तपासणी, एवढं तरी मला हवंय. बंदी एका दिवसात लिहिता येते, आईचं काम एका दिवसात बदलत नाही. अक्कानं ते मराठीत ऐकलं आणि म्हणाली, "हं. आता बोललीस." मग आम्ही त्याचं इंग्रजी केलं.

गल्लीतले सुभेदार काका, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त, यांचेही उपकार मोठे. चाचणी मुलाखतीत ते मधोमध बसायचे. दार वाजवून आत कसं यायचं, सांगितल्याशिवाय बसायचं नाही, उत्तर येत नसेल तर "सॉरी सर, आय डोन्ट नो" म्हणून मोकळं व्हायचं, हे त्यांनी घोटून घेतलं. आपल्या पोरांना 'माहीत नाही' म्हणायची लाज वाटते, ती त्यांनी काढून टाकली. फौजेविषयी त्यांनी गोड गोड काही सांगितलं नाही. बदल्या, सियाचीनची थंडी, घरच्या लग्नाला न मिळालेली रजा, सगळं सांगितलं आणि विचारलं, "अजून यायचंय?" धारवाडला जन्मलेल्या माधुरी कानिटकर एएफएमसीत शिकून लेफ्टनंट जनरल झाल्या, भारतीय सेनादलांतल्या तिसऱ्या महिला, हे भाचीला मी सांगितलं होतं. काका म्हणाले, ते नाव मनात ठेव, मुलाखतीत फेकू नकोस.

बाकीची तयारी थोडक्यात. रोज एक इंग्रजी अग्रलेख मोठ्यानं वाचायचा. आपला जिल्हा, आपलं राज्य, चालू घडामोडी. कन्नडमधले दाखले असतील तर त्यांची इंग्रजी प्रत वेळेत काढून ठेवायची. आणि आपल्याकडच्यांसाठी खास: एक दिवस आधी निघा. सीमेवर काही वातावरण तापलं की बसा कोगनोळीलाच थांबतात. आम्ही आदल्या दिवशी पहाटे निघालो, दुपारी स्वारगेटला उतरलो आणि तिथून रिक्षानं एएफएमसी आहे ते वानवडी गाठलं.

गेटच्या आत मला सोडलं नाही. बाहेर झाडाखाली साऱ्या देशातले पालक उभे होते. संध्याकाळी ती बाहेर आली तेव्हा मी निकाल विचारावा तसं तिच्या तोंडाकडं पाहिलं. ती म्हणाली, "मामा, मी बोलून आलो." आमच्याकडच्या मुली बोलताना 'आलो, गेलो'च म्हणतात, दिवसभर इंग्रजीत बोलून बाहेर येताच ती घरच्या बोलीत आली, तेव्हाच मला बरं वाटलं.

तंबाखूवर विचारलं होतं. आईविषयी सांगितल्यावर एका बाईंनी पुढं विचारलं, आईचा खोकला किती दिवसांचा आहे, बेडका पडतो का, वजन उतरलंय का. हिनं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, थुंकीची तपासणी आणि एक्स-रे करून घ्या. मुलाखतीतलं हे सांगणं तिनं घरी आल्यावर सगळ्यात आधी पुरं केलं, अक्काला दवाखान्यात नेऊन. क्षय नव्हता. धुळीचा दमा निघाला, आता पंप चालू आहे.

अंतिम यादीत तिचं नाव आलं नाही. संगणकावरची इंग्रजीची परीक्षा तिला जड गेली होती, ते तिनं आधीच सांगितलं होतं. म्हणून दहावीपासूनच इंग्रजी वाचायला लागा, असं मी आता प्रत्येकाला सांगतो. दोन महिने ती गप्प होती. मग केईएच्या दुसऱ्या फेरीत तिला कर्नाटकातल्याच एका सरकारी कॉलेजात जागा मिळाली. ती वही घेऊन गेली.

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला तिचा फोन आला. वॉर्डात पोरांना रुग्णांशी बोलायला नेलं होतं. एका म्हातारीपाशी सगळे उभे, आणि ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "हेंगेंगो आगाकत्तैत्रि." बाहेरच्या जिल्ह्यातल्या, राज्यातल्या पोरांना कळेना. "मामा, मला कळलं," ती म्हणाली. "कसंनुसं. अगदी तेच. मी विचारलं, अज्जी, हेंगेंगो म्हणजे कसं? मळमळतंय का गरगरतंय?"

मी विचारलं, "मग काय म्हणाली?"

"सांगायला लागली. थांबेना मग ती." तिसरा रकाना अजून रिकामाच आहे, पण दुसरा भरला, असं तिनं सांगितलं आणि सकाळी लवकर जायचंय म्हणून फोन ठेवला.